गोराईची वाट

बोरिवलीच्या बाजूनें गोराईच्या धक्क्यावर उभें राहिलें कीं पलीकडच्या तीरावरील विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट अगदीं हाताशीं आल्यासारखा दिसतो. खाडी ओलांडण्यास होडीला थोडीं मिनिटें पुरतात. मोटारीनें जावयाचें म्हटलें तर मात्र दहिसर, मीरा रोड, भाईंदर, उत्तन असा वळसा घालावा लागतो, आणि वीस किलोमीटरांहून अधिक रस्ता कापल्यावर मनुष्य त्या समोरच्या कांठावर येऊन उतरतो. हें जुनें सत्य आम्हांस नव्यानें शिकविलें तें एका स्वस्त यंत्रानें.

मोटारीच्या कांचेला चिकटवावयाचें, तळहाताएवढें हें यंत्र उपग्रहांच्या साहाय्यानें वाट दाखवितें आणि पुढें वाहनांची कोंडी असल्यास आगाऊ सूचना देतें. आम्हीं तें केवळ किंमत पाहून घेतलें. पहिल्या खेपेस त्याला ‘गोराई’ एवढेंच सांगितलें, तेव्हां त्यानें आम्हांस बोरिवली पश्चिमेंतील गोराई वसाहतींत नेऊन मुक्काम आल्याचें जाहीर केलें. दुसऱ्या खेपेस गांव नीट निवडून दिलें, तर स्वारी थेट धक्क्यावर! होडीची रेघ हाही त्याला रस्ताच वाटला असावा. जवळच पाटी घेऊन बसलेली एक कोळीण आमची फजिती पाहून म्हणाली, “साहेब, तुमच्या यंत्राला पोहतां येतं वाटतं!”

पहिली चूक यंत्राची म्हणावी कीं आमची, हें ठरविणें कठीण आहे. खाडीपलीकडील गोराई हें कोळ्यांचें व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचें जुनें गांव. अलीकडची वसाहत १९८० नंतरची, जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें आंखलेली. पण वस्ती दाट असेल त्याच्याकडे नांव ओढलें जातें, हा नकाशांचा नियमच दिसतो. ज्या बेटावर हें गांव आहे त्याचेंही तसेंच झालें. मनोरी, गोराई, उत्तन हीं गांवें ज्यावर वसलीं आहेत त्याचें जुनें नांव धारावी. आज ‘धारावी’ म्हटल्यावर या बेटाची आठवण कितीशा मुंबईकरांस होईल?

एके काळीं मात्र या धारावीनें पुण्यास आणि गोव्यास दोन्हींकडे झोंप लागूं दिली नव्हती. वसईच्या खाडीच्या मुखाशीं असल्यामुळें हें बेट ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वसईला समुद्रावाटे येणारी रसद. चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तें १७३९ सालीं घेतलें आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. भरती कोणत्या घटकेस चढते, गाळ कोठें आहे, होडी कोठून निघते, हें ज्ञान त्या काळीं कागदावर नव्हतें. खाडीकांठच्या माणसांच्या डोक्यांत होतें. सैन्याला वाट हवी असेल तर आधीं माणूस वळवावा लागे.

इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस साष्टी घेतली आणि पुढें हा प्रकार पालटला. वाट सांगणाऱ्या माणसाची जागा मोजणीदारानें घेतली. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत विल्यम लॅम्बटन यानें मद्रासेजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ केला, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ती प्रचंड मोजणी उत्तरेकडे सरकूं लागली. त्याचें थिओडोलाइट सुमारें अर्धा टन वजनाचें. तें तंजावरच्या देवळावर चढवितांना १८०८ मध्यें आदळून मोडलें, तेव्हां त्यानें तें स्वतः खपून दुरुस्त केलें. हा चिकाटीचा मनुष्य १८२३ सालीं आपल्या हिंगणघाटास वारला. त्याची कबरही तेथेंच आहे. कामाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट विसरतां येत नाहीं: हे नकाशे ज्यांच्या जमिनीचे होते त्यांच्यासाठीं काढलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतरही सविस्तर नकाशे सामान्यांच्या हातीं पडूं नयेत हीच वृत्ति दीर्घकाळ टिकली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं सरकारनें नवे नियम जाहीर केले, तेव्हां कोठें भारतीय संस्थांना नकाशे करण्यास बरीचशी मोकळीक मिळाली.

आमच्या यंत्राचें कुळही लष्करीच. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुटनिक सोडला. त्याचा सूर जवळ येतांना चढतो व दूर जातांना उतरतो, हें ऐकून अमेरिकेंतील दोघां तरुण शास्त्रज्ञांनीं त्याचा मार्ग गणितानें काढला. मग उलट प्रश्न निघाला: उपग्रह कोठें आहे हें ठाऊक असेल तर ऐकणारा कोठें आहे हें काढतां येईल काय? प्रथम पाणबुड्यांसाठीं त्याचें उत्तर शोधण्यांत आलें. आजच्या पद्धतीचा पहिला उपग्रह १९७८ सालीं उडाला. १९८३ मध्यें वाट चुकलेलें कोरियाचें प्रवासी विमान रशियानें पाडलें, तेव्हां ही सोय सर्वांस देण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें; परंतु नागरिकांच्या वांट्यास येणारी खूण मुद्दाम अंधुक केलेली असे, ती २००० च्या मे महिन्यांत स्वच्छ झाली. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील चार उपग्रहांचा निरोप किती वेळांत पोंचला यावरून जागा ठरते. त्यांचीं घड्याळें आइन्स्टाइनच्या नियमांप्रमाणें दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. एवढें दुरुस्त न केल्यास एका दिवसांत दहा किलोमीटरांची चूक व्हावयाची. परक्याच्या मेहेरबानीवर असें अवलंबून राहणें बरें नव्हे म्हणून भारतानें २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला, आणि २०१६ मध्यें त्या योजनेस ‘नाविक’ हें नांव मिळालें. नांव ठेवणारास खाडी ठाऊक असावी.

तेव्हां आम्ही कोठें आहों हें यंत्र बिनचूक सांगतें. तेथें काय आहे हें मात्र त्याला नकाशा भरणारानें सांगितलें असेल तेवढेंच ठाऊक. कोंडीच्या सूचनेचीही तीच गत. ती आकाशांतून येत नाहीं. रस्त्यावरील इतर लोकांच्या फोनची चाल मंदावली कीं त्यावरून ताडली जाते. हमरस्त्यावर ती अचूक ठरते, आणि तिच्या कृपेनें आमचे अनेक तास वांचले हें कृतज्ञतेनें नमूद करितों. परंतु उत्तनच्या पुढें वाहनें विरळ झालीं कीं वार्ताही विरळ होते, आणि ‘रस्ता मोकळा’ व ‘कांहीं ठाऊक नाहीं’ या दोहोंस यंत्राजवळ एकच मौन आहे. आमच्यापुरता हा विनोदाचा विषय झाला. पण मध्यरात्रीं गोराईगांवांतून कोणी रुग्णवाहिका बोलवावी आणि नवख्या चालकानें ती वसाहतींत, नाहीं तर धक्क्यावर, नेऊन उभी करावी, हें आम्हांस घडलें तें पाहतां अशक्य वाटत नाहीं. तेथून परत फिरून भाईंदरचा वळसा घेईपर्यंत रोग्यानें काय करावें?

परवां आम्हीं मोटार अलीकडेच ठेविली आणि होडींत बसलों. ओहोटी लागली होती. घुमट नाकासमोर असतांही तांडेलानें होडी सरळ न हांकतां बरीच बाजूला घेतली. कां, म्हणून विचारलें, तर त्यानें पाण्याकडे नुसती मान हलविली. आम्हीं निरखून पाहिलें. आम्हांस कांहीं दिसलें नाहीं.