दुष्काळी जिल्ह्यातील खोल पाणी

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा आणि बुडून होणारे मृत्यू यांची सांगड वाचकाच्या मनात सहजासहजी बसत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते चित्र अधिक ओळखीचे. त्या वर्षी कळंब तालुक्याच्या सीमेवरील मांजरा धरणही कोरडे पडले होते. परंतु धोका येथेच दडलेला आहे. जेथे पाणी वर्षानुवर्षे नसते आणि मग एकाएकी येते, तेथे मुलांची पाण्याशी ओळखच होत नाही.

पूर्वी खेड्यातील बरीच मुले विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या चुलत्याच्या हातात, अशी ती शाळा होती. शिक्षण कठोर असे, पण शिकवणारा समोर असे. मुलींना या शाळेत क्वचितच प्रवेश मिळाला. धुणे घेऊन नदी-तलावावर जाणे मात्र त्यांच्याच वाट्याला आले. पुढे विंधन विहिरी वाढल्या, भूजल खोल गेले, विहिरी आटल्या आणि त्यांच्याबरोबर पोहणेही आटले.

आता शिवारात शेततळी आली आहेत. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल, इतक्या मोठ्या तळ्याची तरतूद होती. फळबागा जगवणारे हे साधन बुडणाऱ्याच्या दृष्टीने विहिरीहूनही वाईट आहे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. शेततळ्याच्या उतारावर अंथरलेले प्लॅस्टिकचे अस्तर ओले होऊन शेवाळले की पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही सापडत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथून बाहेर येऊ शकेलच असे नाही. उपाय खर्चिक नाही. तळ्याभोवती कुंपण घालावे, काठावर खुंट रोवून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडावेत, हवा भरलेली एखादी ट्यूब ठेवावी. अस्तराला अनुदान मिळते, तर या दोराला का मिळू नये?

नद्यांचे धोके निराळे. वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पोळ्याला बैल धुण्यासाठी उतरलेला मुलगा गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी असलेल्या जागी जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने परंडा व भूम तालुक्यांत पुराने थैमान घातले, तेव्हा बचाव पथके बाहेरून बोलवावी लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. सहा वर्षांवरील मुलांना पोहणे, पाण्यातील सुरक्षितता आणि सुरक्षित बचाव शिकवावा, ही तिची प्रमुख शिफारस आहे. बांगलादेशात हे शिक्षण गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून दिले गेले. धाराशिवसारख्या जिल्ह्याने तरण तलावाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

सुटीत आजोळी जाणाऱ्या शहरी मुलांबाबत पालकांनी विशेष सावध असावे. तरण तलावात तळ दिसतो, पाणी स्थिर असते, जीवरक्षक असतो. गढूळ पाण्यात यांपैकी काहीच नसते. पोहता येते म्हणून एकट्याने उतरण्यास परवानगी देऊ नये.

एकाला वाचवताना दुसरा, मग तिसरा बुडतो, हे अशा दुर्घटनांत वारंवार दिसते. म्हणून उडी मारण्याआधी आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि काठावर आडवे पडून काठी, दोर, लुगडे वा धोतर फेकावे. रिकामी, झाकण लावलेली घागरही तरंगते. बाहेर काढलेल्या व्यक्तीला पालथे घालून पोट दाबणे किंवा उलटे धरून फिरवणे ही चुकीची पद्धत असून तीत मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास हा क्रम चालू ठेवावा, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवू शकतो.