डकारचे सरडे आणि थर्माकोलच्या पेटीतली कासवे

१/ १९७८ साली मेक्सिको आणि अमेरिका यांनी जगातील सर्वांत दुर्मिळ समुद्री कासव वाचवण्यासाठी एक संयुक्त मोहीम हाती घेतली. अंडी जपली गेली, पिल्ले निघाली, महिनोन्‌महिने वाढवली गेली. पण पहिल्या काही वर्षांतील पिल्लांत नरांचा मोठा भरणा होता. असे घडू शकते याची सूचना बारा वर्षांपूर्वीच आफ्रिकेतील डकार शहरातून छापून आली होती.

२/ अपत्याचे लिंग उष्णतेवर ठरते, ही कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक विचारवंत एम्पेडोक्लिसने उबदार गर्भाशयात मुलगा आणि थंड गर्भाशयात मुलगी होते असे मांडले. ॲरिस्टॉटलने ते खोडून काढले. एकाच गर्भाशयात मुलगा आणि मुलगी अशी जुळी वाढतात, मग उष्णतेचा हिशेब जुळायचा कसा, असा त्याचा आक्षेप होता.

३/ १९०५ साली या वादावर पडदा पडल्यासारखे वाटले. अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स यांना पिठातील किड्यांच्या नरांत एक गुणसूत्र लक्षणीय लहान आढळले. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. लिंग फलनाच्या क्षणीच गुणसूत्रांनी ठरते, हे पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आणि उष्णतेची कल्पना अडगळीत गेली.

४/ १९६६ साली सेनेगलच्या राजधानीत, डकारमध्ये, काम करणाऱ्या मादलेन शार्निए यांनी ‘अगामा अगामा’ या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवली. २६-२७ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या निघाल्या. २९ अंशांना सगळे नर. दोन-तीन अंशांच्या फरकाने पूर्ण पारडे फिरले होते.

५/ हे निरीक्षण अवघ्या काही पानांच्या फ्रेंच टिपणात प्रसिद्ध झाले, तेही जीवशास्त्र परिषदेच्या पश्चिम आफ्रिकी शाखेच्या कामकाजात. इंग्रजीत वाचणाऱ्या बहुसंख्य संशोधकांच्या टेबलावर ते पोहोचलेच नाही. ज्यांच्यापर्यंत पोहोचले, त्यांनाही ती एका सरड्याची विक्षिप्त गोष्ट वाटणे स्वाभाविक होते.

६/ फ्रान्समध्ये क्लोद पिओ यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी युरोपीय तळ्यांतील कासवांवर हाच प्रयोग केला. परिणाम तितकाच स्पष्ट होता, पण दिशा उलटी! कासवांत थंड अंड्यांतून नर आणि उबदार अंड्यांतून माद्या निघत होत्या. नियम एक, पण त्याचे वळण प्राण्यागणिक वेगळे, हे यातून उमगू लागले.

७/ तरी एक रास्त शंका उरत होती. उष्णतेने लिंग ठरते, की एका लिंगाची पिल्ले त्या उष्णतेत मरून जातात? जेम्स बुल आणि रिचर्ड वोग्ट यांनी १९७९ साली उत्तर दिले. अमेरिकेतील ‘मॅप टर्टल’ कासवांच्या अंड्यांत मृत्यूचे प्रमाण इतके कमी होते, की नुसत्या मृत्यूने तो फरक पडणे शक्य नव्हते.

८/ त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते प्रयोगशाळेबाहेर गेले. नदीकाठच्या उघड्या, उन्हातल्या वाळूतील घरट्यांतून प्रामुख्याने माद्या निघत होत्या आणि सावलीतल्या घरट्यांतून नर. म्हणजे हा काचेच्या भांड्यातला चमत्कार नव्हता. निसर्गात झाडाची सावली हा लिंगनिर्णयाचा भाग होता.

९/ आता मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे वळू. केम्प्स रिडले हे समुद्री कासव प्रामुख्याने रांचो नुएवो या एकाच किनारपट्टीवर अंडी घालते. १९४७ साली तेथे चित्रित झालेल्या एका हौशी चित्रफितीवरून एका दिवसात सुमारे ४० हजार माद्या किनाऱ्यावर आल्याचा अंदाज बांधला गेला. १९८५ पर्यंत वर्षभरातील घरटी जेमतेम सातशेवर आली होती.

१०/ सगळी भिस्त एकाच किनाऱ्यावर नको, म्हणून टेक्सासच्या पाद्रे बेटावर दुसरी वसाहत उभी करायचे ठरले. १९७८ पासून दरवर्षी सुमारे दोन हजार अंडी तिकडे नेली जात. मेक्सिकोच्या वाळूचा स्पर्श होऊ नये म्हणून ती घालताक्षणीच पिशवीत झेलली जात आणि पाद्रेच्या वाळूने भरलेल्या थर्माकोलच्या पेट्यांत ठेवली जात. मोठेपणी माद्यांना पाद्रेचाच किनारा आठवावा, हा हेतू.

११/ सगळी काळजी घेतली होती, फक्त एक गोष्ट हिशेबात नव्हती. जमिनीवर सावलीत ठेवलेली पेटी उन्हात तापलेल्या किनाऱ्यापेक्षा थंड असते. आणि समुद्री कासवांत थंडावा म्हणजे नर. कासवाचे पिल्लू बाहेरून पाहून नर की मादी हे कळत नाही. मेलेल्या पिल्लाच्या जननग्रंथी तपासाव्या लागतात. नाहीतर ते वयात येईपर्यंत दहा-बारा वर्षे थांबायचे.

१२/ १९८० साली निकोलस म्रोसोव्स्की आणि चेस्टर यंटेमा यांनी समुद्री कासवांतही लिंग तापमानावर ठरते हे दाखवले आणि संवर्धनाच्या पद्धतींचा फेरविचार करा असा इशारा दिला. पेटीत उबवून समुद्रात सोडलेल्या पिल्लांची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या जगभरच्या केंद्रांना त्यामुळे नवा प्रश्न पडला: सोडली किती ते ठीक, पण त्यांत माद्या किती?

१३/ पाद्रे बेटावर १९८५ पासून पेट्यांचे तापमान वाढवले गेले आणि पारडे माद्यांकडे झुकले. १९९६ साली या मोहिमेतून सोडलेल्या माद्या अंडी घालायला त्या किनाऱ्यावर परतल्या. प्रयोग फसला नाही, पण आरंभीची काही मौल्यवान वर्षे खर्ची पडली.

१४/ भारतातही १९७५ पासून मगरी आणि सुसरींची अंडी गोळा करून उबवण्याचा प्रकल्प सुरू होता. १९८९ साली जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी चेन्नईजवळच्या मगर केंद्रातील निष्कर्ष मांडले. आपल्या नद्यांतील मगरीच्या अंड्यांतून २८ ते ३१ अंशांना केवळ माद्या निघतात, ३२.५ अंशांना केवळ नर, आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही. म्हणजे नर होण्यासाठी मधली एक अरुंद पट्टीच.

१५/ मग जनुकांचे काय? अशा कासवांत आणि मगरींत लिंग-गुणसूत्रेच नसतात. वृषण आणि अंडाशय घडवणारी बरीचशी जनुके मात्र माणसात आहेत तीच आहेत. १९९० साली माणसाच्या ‘वाय’ गुणसूत्रावर ‘एसआरवाय’ हे नरत्वाचे कळजनुक सापडले. सरपटणाऱ्या प्राण्यांत ते नाही. यंत्र तेच, पण कळ दाबणारा हात वेगळा.

१६/ अंडे उबत असताना साधारण मधल्या तिसऱ्या हिश्शाचा काळ निर्णायक असतो. तोवर भ्रूणाची जननग्रंथी दोन्ही वाटांनी जाऊ शकते. या काळात बाहेरून इस्ट्रोजेन दिले तर नर घडवणाऱ्या तापमानातही कासवाची मादी होते, हे पिओ यांच्या पिढीने दाखवले. पण तापमान आणि संप्रेरक यांच्यामधला दुवा सापडत नव्हता.

१७/ तो दुवा २०१८ साली हाती लागला, आणि ज्या कासवात लागला ते आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही दिसते: गालावर लाल पट्टा असलेले ‘रेड-इअर्ड स्लायडर’. चीनमधील छुतियान गे आणि अमेरिकेतील ब्लँच केपल यांच्या गटांनी ‘केडीएम६बी’ हे जनुक दडपले. २६ अंशांना, जेथे नर व्हायला हवे होते, तेथे वाचलेल्या भ्रूणांपैकी बहुसंख्य माद्यांच्या वाटेने गेले.

१८/ हे जनुक करते काय? डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर काही रासायनिक खुणा असतात. त्या मोहरेसारखे जनुक बंद ठेवतात. ‘केडीएम६बी’चे प्रथिन नरत्वाशी निगडित ‘डीएमआरटी१’ जनुकावरची मोहर उघडते. जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, ती वाचली जातात की नाही एवढेच बदलते.

१९/ २०२० साली पुढची कडी जुळली. उबदार अंड्यात पेशींमध्ये अधिक कॅल्शियम शिरते, ‘स्टॅट३’ नावाचे प्रथिन जागे होते आणि ते ‘केडीएम६बी’ला दाबून ठेवते. मोहर तशीच राहते आणि मादी घडते. शार्निए यांच्या टिपणानंतर ५४ वर्षांनी उष्णतेपासून जनुकापर्यंतची वाट एका कासवापुरती तरी दिसू लागली.

२०/ दरम्यान प्रश्नाची दिशा उलटली आहे. पाद्रेच्या पेट्यांत नर जास्त झाले होते. तापत्या समुद्रकिनाऱ्यांवर आता माद्या जास्त होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या समुद्री कासवांच्या २०१८च्या अभ्यासात प्रौढांपैकी सुमारे ८७ टक्के माद्या होत्या. अल्पवयीन कासवांत हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक होते.

२१/ रत्नागिरीतील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांसह ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. कुत्रे, कोल्हे आणि माणसांपासून वाचवण्यासाठी अंडी हॅचरीत हलवावी लागतात. हलवलेल्या प्रत्येक घरट्यासाठी नवा खड्डा लागतो. तो किती खोल, उन्हात की सावलीत, हे वरकरणी साधे प्रश्न वाटतात. पण त्या खड्ड्यातून निघणारी पिल्ले नर असतील की मादी, हे बऱ्याच अंशी त्याच उत्तरांवर अवलंबून आहे.