इंग्रजी येणे आणि इंग्रजी शिकविणे

कलकत्त्यास गेलो असता हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात एका मुलीची गाठ पडली. घरी मराठी, शेजारी बंगाली आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत ती वाढलेली. इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेली. ज्यांच्या घरी इंग्रजी कधी कानांवर पडत नाही अशा मुलांना ती भाषा शिकवावी, ही तिची इच्छा. तिच्यापुढे चार माहितीपत्रके पसरलेली होती. एक दोन वर्षांच्या बी. एड. चे, दुसरे केंब्रिजच्या प्रमाणपत्राचे, महिनाभराचे पण बरेच खर्चाचे, आणि उरलेली दोन घरबसल्या एकशेवीस तासांत प्रशस्तिपत्र देऊ करणाऱ्या संस्थांची. “काका, यांतले कोणते घेऊ?” असे तिने विचारले, आणि लगेच म्हणाली, “इंग्रजी तर मला येतेच. मग शिकवायला आणखी वेगळे ते काय शिकायचे?”

श्रोतेहो, त्या मुलीला ठाऊक नसेल, पण तिचा हा दुसरा प्रश्न तिच्या शहराइतकाच जुना आहे. शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले. मी ज्या काळाविषयी बोलणार आहे त्या काळी ते कलकत्ता होते, म्हणून तेच नाव वापरतो.

१८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कंपनीच्या तरुण इंग्रज अंमलदारांना देशी भाषा शिकवाव्यात, हा त्याचा हेतू. तेथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर आपली मराठीही शिकवीत. मराठी येणारा कोणीही साहेबाला मराठी शिकवील, असे त्यांनी मानले नाही. वैजनाथ पंडितांना त्यांनी हाताशी घेतले. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि त्यास नित्याच्या व्यवहारातील संवाद जोडले. १८१० साली कोश काढला, तो मोडी अक्षरांत. परकी भाषा शिकवावयाची तर पंडित हवा, पुस्तक हवे, परीक्षा हवी, ही जाण त्या कॉलेजात पुरेपूर होती.

आता त्याच शहरात त्याच काळी इंग्रजी शिकू पाहणाऱ्या बंगाली मुलाची स्थिती पाहा. १७७४ साली सुप्रीम कोर्ट स्थापन झाल्यापासून इंग्रजी जाणणाऱ्यास चार पैसे मिळू लागले होते. शिक्षक कोण? ज्याला थोडे इंग्रजी येई तो. शिवनाथ शास्त्री यांनी रामतनु लाहिरींच्या चरित्रात, १९०४ साली, त्या दिवसांचे मोठे मनोरंजक वर्णन केले आहे. व्याकरण नाही, वाक्य नाही. नुसते शब्द पाठ करावयाचे, तेही यमके जुळवून. आणि ज्याच्या तोंडी शब्द अधिक तो विद्वान! शेरबोर्न यांच्या चितपूरच्या शाळेत द्वारकानाथ ठाकूर शिकले, ड्रमंड यांच्या धर्मतळ्याच्या शाळेत डेरोझिओ शिकले. या खासगी शाळा ज्याच्या त्याच्या हुशारीवर चालत.

हेन्री डेरोझिओंचे नाव आले म्हणून सांगतो. १८२६ साली ते हिंदू कॉलेजात शिक्षक झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा. प्रशिक्षण कसले म्हणून नव्हते. आणि तरीही त्यांच्या वर्गातून जी पिढी निघाली तिने बंगालचे विचारविश्व ढवळून काढले. १८३१ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षी ते वारले. या उदाहरणाने कलकत्त्याचा मोठा गैरसमज करून दिला, असे मला वाटते. प्रतिभावंत शिक्षक उपजत असतो हे खरे. परंतु हजारो शाळांना हजारो डेरोझिओ कोठून आणावयाचे?

१८३५ साली सरकारचा कौल इंग्रजीच्या बाजूने पडला. मेकॉलेचे टिपण सर्वांना पाठ आहे. इंग्रजी शिकविणारे कसे तयार व्हावयाचे, या प्रश्नाला मात्र त्या निर्णयातून उत्तर मिळाले नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला होता, आणि पुढच्याच वर्षी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी संस्कृत कॉलेजाच्या वास्तूत नॉर्मल स्कूल उघडून अक्षयकुमार दत्तांना त्याचे मुख्याध्यापक केले. पण हे नॉर्मल स्कूल होते बंगाली शाळांच्या गुरुजींसाठी. म्हणजे मुलाला त्याची मायबोली शिकविणाऱ्यास आधी स्वतः शिकून यावे लागे, आणि परकी भाषा शिकविणाऱ्यास पदवी पुरे! ही गंमत मला कलकत्त्याच्या शिक्षणाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

शिक्षकाची उणीव मग पुस्तकाने भरून काढावी लागली. प्यारीचरण सरकार हे बारासातच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. १८५० च्या सुमारास त्यांचे इंग्रजीचे ‘फर्स्ट बुक’ निघाले आणि बंगालच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरमालेने जे केले, साधारण तेच त्या छोट्या पुस्तकाने तिकडे केले.

माध्यमिक शिक्षकांसाठी डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज उघडण्यास १९०८ साल उजाडले. नाव मोठे समर्पक दिले. हेअर हे स्कॉटलंडातून आलेले घड्याळजी. स्वतः पंतोजी नव्हते, पण शाळा काढण्यात त्यांनी आयुष्य वेचले. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांचे ‘इंग्रेजी श्रुतिशिक्षा’ निघाले. पद्धत नावातच आहे: आधी कान, मग डोळा. शाळेच्या बाकावर स्वतः कष्टी झालेल्या माणसाने लहान मुलांसाठी इंग्रजीचे पाठ रचावेत, यातच काय ते आले.

परंतु या प्रश्नाला शास्त्राची बैठक दिली ती मायकेल वेस्ट यांनी. त्या वेळी ढाका बंगाल प्रांतातच होते; तेथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य. त्यांचा द्विभाषिकतेवरील ग्रंथ १९२६ साली कलकत्त्याहून सरकारने प्रसिद्ध केला. वेस्ट यांनी एक साधी गोष्ट पाहिली. बंगाली मुलगा शाळा बहुधा मध्येच सोडतो. मग जो दोन वर्षांनी गेला, तो घरी काय घेऊन गेला? विम्याचा करार मुदतीपूर्वी मोडला तर हाती काही रक्कम येते, तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. तोच शब्द वेस्ट यांनी शिक्षणास लावला. अर्धवट शिकलेले बोलणे विरून जाते. थोडे का होईना, वाचता आले तर ते हाती राहते. म्हणून आधी वाचन. त्यासाठी त्यांनी धडे नव्याने लिहिले, दुर्मिळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द घातले, आणि नवे शब्द बेताबेताने येतील अशी योजना केली. बोलणे मागे पडते, हा आक्षेप त्यांच्यावर आला, आणि तो अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. परंतु १९६० साली त्यांनी अवघड परिस्थितीतील इंग्रजी अध्यापनावर लहानसे पुस्तक लिहिले, त्यात तीसहून अधिक मुलांचा, बाकांवर दाटीने बसलेला, उकाड्यातला वर्ग त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला. लंडनच्या दिवाणखान्यातील वर्ग नव्हे, बंगालमधला वर्ग.

पुढे १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, ती आज विद्यापीठ झाली आहे. पश्चिम बंगालात मात्र वेगळाच वाद पेटला. १९८० नंतरच्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी गेले आणि ते सहावीपासून सुरू होऊ लागले. पालक हवालदिल झाले, खासगी शिकवण्या फोफावल्या. पवित्र सरकार समितीच्या १९९८ च्या शिफारशीनंतर १९९९ साली इंग्रजी तिसरीत परतले, २००४ साली पहिलीत. कितवीपासून, यावर वीस वर्षे सभा आणि मोर्चे झाले. कोण शिकविणार, यावर त्या मानाने फारच थोडे. महाराष्ट्राने हसण्याचे कारण नाही. २००० साली आपणही पहिलीपासून इंग्रजी आणले, आणि काल मराठीचे धडे देणाऱ्या गुरुजींच्याच हाती ते सोपविले.

मुंबईस परतल्यावर त्या मुलीला मी सविस्तर पत्र लिहिले. वेस्ट यांची कसोटी तिच्या माहितीपत्रकांनाही लागू पडते, असे सुचविले: हा अभ्यासक्रम उद्या मध्येच सुटला, तर हाती काय राहील? केंब्रिजच्या प्रमाणपत्रासाठी निदान सहा तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवावे लागते, आणि मागे परीक्षक बसलेला असतो. पण ते विद्यार्थी बहुधा प्रौढ, आणि वर्ग लहान. बी. एड. मध्ये शाळेत कित्येक आठवडे काढावे लागतात, आणि शाळेतील नोकरीस तीच पदवी लागते. मात्र तेथे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्यावर किती भर असेल, हे ज्या त्या महाविद्यालयात जाऊन पाहावे. घरबसल्या मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रात समोर मूलच नसेल, तर एकशेवीस तास हा आकडा निव्वळ आकडाच.

तिचे उत्तर आले. तिने चारही ठिकाणी दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला होता: “मी शिकवीत असताना समोर कोण बसलेले असेल?” दोन ठिकाणी त्यांना प्रश्नच कळला नाही. उरलेल्या दोहोंपैकी एका ठिकाणी वर्ग पाहावयास ती पुढच्या सोमवारी जाणार होती.