हिमालयातल्या निळ्या पॉपीचं बी मागवलं, तर पुण्यात फूल येईल का?

निळ्याशार, रेशमासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. हिमालयन ब्लू पॉपीचा फोटो तुमच्या फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल. अनेकांना तो एडिट केलेला वाटतो, पण हे फूल खरंच इतकं निळं असतं. घोळ सुरू होतो तो फोटोखालच्या ओळीत: ‘१०० बिया, घरपोच.’

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव मेकोनॉप्सिस. हिमालय, तिबेट आणि नैर्ऋत्य चीनच्या थंड, दमट डोंगरउतारांवर ती वाढते. खसखस ज्या झाडाची, त्या अफूच्या कुळातली ही दूरची बहीण. पण तिची प्रजात वेगळी आहे आणि तिच्यापासून अफू निघत नाही. हा प्रश्न प्रत्येक कमेंट सेक्शनमध्ये असतोच, म्हणून आधीच सांगितलं.

तिबेटमधून ब्रिटनच्या बागेत

१९१३ मध्ये एफ. एम. बेली या ब्रिटिश अधिकाऱ्याला तिबेटच्या प्रवासात निळी पॉपी दिसली. त्याने एक फूल वहीत दाबून आणलं. पण वाळलेल्या फुलातून बाग उभी राहत नाही. त्यासाठी बी लागतं आणि ते १९२४ मध्ये आणलं फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतीशोधकाने. त्सांगपो नदीच्या (आपण जिला पुढे ब्रह्मपुत्रा म्हणतो) दऱ्यांतल्या मोहिमेत त्याने ते गोळा केलं. ब्रिटनमधल्या अनेक बागांमध्ये ते वाटलं गेलं आणि काही वर्षांतच तिथल्या बागकाम करणाऱ्यांना या फुलाचं वेड लागलं.

मग १९३४ मध्ये जॉर्ज शेरिफने पूर्व भूतानमधून आणखी एका निळ्या पॉपीचं बी पाठवलं. त्या संग्रहाचा क्रमांक होता ६००. आजही जुने बागकाम करणारे त्या वंशाला ‘जीएस ६००’ म्हणून ओळखतात. पाकिटावरचा एक आकडा नव्वद वर्षं टिकला, कारण बी देताना प्रत्येकाने तो पुढच्या पाकिटावर लिहिला. पूर्व भूतानच्या या पॉपीला २०१६ मध्ये स्वतंत्र प्रजातीचं नाव मिळालं, ‘मेकोनॉप्सिस गाक्यिदियाना’. झोंखा भाषेत ‘गाक्यिद’ म्हणजे आनंद. भूतानचं राष्ट्रीय फूल हेच.

बी वाटायची पद्धत काय?

अशा दुर्मीळ झाडांचा बाजार छोटा असतो, त्यामुळे ती टिकली हौशी लोकांच्या मंडळांमुळे. ब्रिटनची अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ ची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३ चा. सदस्य शरद ऋतूत आपल्या बागेतलं बी काढतात, साफ करतात, वाळवतात आणि नाव लिहून पाठवतात. मंडळ सगळ्यांची यादी काढतं, त्यातून सदस्य हवं ते निवडतात आणि स्वयंसेवक चिमूटभर बिया छोट्या पाकिटांत भरतात. ज्याने बी दिलं त्याला निवडताना झुकतं माप मिळतं. अगदी आपल्या भिशीसारखा हिशेब, फक्त पैशांऐवजी बिया.

यातही एक अडचण आहे. बागेत शेजारी-शेजारी लावलेल्या पॉपींचा संकर होतो, म्हणजे आईसारखीच मुलगी निघेल याची खात्री नाही. ‘स्लीव्ह डोनार्ड’ नावाचा देखणा संकर तर उगवेल असं बीच धरत नाही. त्याचे गड्डे फोडूनच वाटावे लागतात.

उगवायला इतकं अवघड का?

पहिलं कारण बियांचं वय. हे बी उष्ण हवेत ठेवलं की लवकर निकामी होतं. जाणकार ते काढल्यावर लगेच पेरतात किंवा कोरडं करून फ्रीजमध्ये ठेवतात. ऑनलाइन विक्रेत्याच्या गोदामात ते किती उन्हाळे पडून होतं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

पेरताना ते भुसभुशीत, ओलसर मातीवर नुसतं पसरायचं, खोल गाडायचं नाही. जागा थंड हवी. रोपं उगवली की पाणी जरा जास्त झालं तरी कोलमडतात, कमी झालं तर वाळतात. त्यातून जगलेल्या झाडाला पहिल्याच वर्षी कळी आली, तर अनुभवी माळी ती खुडून टाकतात. अशक्त झाड फुललं की बरेचदा मरतं. बहुवर्षायू म्हणून विकली जाणारी पॉपी पुढच्या वर्षी जागेवर असेलच असं नाही, ती अशी.

आता पुण्याचं बोलू. स्कॉटलंडमध्ये किंवा कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या ‘जार्दां द मेती’ या बागेत ती जमते, कारण तिथला उन्हाळा गारव्याचा असतो. अमेरिकेतल्या लाँगवुड गार्डन्सकडे मोठी काचघरं आहेत, तरी तिथे दरवर्षी नवी रोपं आणूनच फुलवतात. एप्रिलमधली आपली बाल्कनी तिला झेपणारी नाही. नागपूरचं तर नावच नको. फक्त निळा रंग हवा असेल, तर कुणाकडून तरी गोकर्णाची एक वाळलेली शेंग मागून घ्या. कुंपणावर वर्षानुवर्षं चढत राहील.

परदेशातून बी मागवणं कायदेशीर आहे का?

परवान्याशिवाय नाही. ‘प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३’ नुसार भारतात बी आणण्यासाठी आयात परवाना लागतो आणि ते ज्या देशातून येतं तिथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्रही. मित्राने पाकिटात घालून सहज पाठवलेलं बीसुद्धा यात येतं. अमेरिकेत यासाठी छोट्या प्रमाणाचा वेगळा परवाना आहे. एका खेपेत ५० पाकिटं आणि एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम. न्यू जर्सीतल्या मुलीला परसातलं बी पाठवणाऱ्या आईंनी हे आधी वाचावं.

हे नियम काही जणांना जाच वाटतात. मला तसं वाटत नाही, त्याचं कारण आपल्या रानात उभं आहे. आज जिला आपण घाणेरी म्हणतो ती लँटाना १८०९ मध्ये शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. नद्यांचा श्वास कोंडणारी जलपर्णीसुद्धा देखण्या फुलांसाठीच दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली. उलटा प्रवासही झाला. आपल्या तेरड्याची हिमालयातली बहीण १८३९ मध्ये ब्रिटनच्या बागांत गेली आणि आता तिथल्या नदीकाठांवर ती आवरेनाशी झाली आहे.

मग ही फुलं पाहायची कुठे?

उत्तराखंडमधल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक ट्रेकर तिथे जातात. तिथे दिसते ती मेकोनॉप्सिस अक्युलिएटा, काटेरी देठांची फिकट निळी पॉपी. जुलै-ऑगस्टमध्ये खडकांच्या कपारीत पाहा. औषधासाठी होणाऱ्या उपटण्यामुळे ही जात आधीच अडचणीत आहे आणि ती आयुष्यात एकदाच फुलून मरते. तिथून फूल किंवा बी घ्यायला बंदी आहे. बोंड पिकलेलं दिसलं तरी ते तिथेच राहू द्या, त्या झाडाची पुढची पिढी त्यातच असते.