लोखंडे यांच्या अर्जातील विसरलेले कलम

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आम्ही बहुधा भांडवलाच्या अंगाने वाचतो; चात्या किती, सूत किती. पट्ट्यात हात सापडलेल्या कामगाराचे पुढे काय झाले, हे त्या आकड्यांत नसते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावयास सांगितले खरे. पण त्या कायद्याची नजर मुख्यतः मुलांवर होती, आणि शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्यास तो लागूच नव्हता.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळास सभा भरवून अर्ज तयार केला. सह्या साडेपाच हजार. त्यातील रविवारची सुट्टी सर्वांच्या तोंडी आहे. आम्हांस मात्र दुसरेच कलम अधिक मोलाचे वाटते: कामावर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी. धर्मादाय नव्हे, मागणी!

सुट्टी १८९० साली मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले, आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. लोखंडे १८९७ सालीच निवर्तले होते.