'वाडा चिरेबंदी'ची बोली

१२. वाडा चिरेबंदी (पहिला प्रयोग १९८५, दिग्दर्शन विजया मेहता) : नाटककार महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे, जमीनदार घराण्यात झाला. शिक्षणासाठी ते लहानपणीच घरापासून दूर गेले; पुढे नागपुरात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. नाटकातील धरणगावकर देशपांड्यांचे ढासळते घर त्यांना आतून ठाऊक आहे आणि अंतरावरून निरखताही येते, ते यामुळेच. वाड्यातल्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी वळणाची मराठी आहे, तर मुंबईहून आलेल्या मुलाच्या बायकोचे, अंजलीचे, बोलणे निराळे. भावंडांमधला दुरावा या फरकातूनही ऐकू येतो. म्हणून उद्धृत संवादांतील बोलीरूपे प्रमाण लेखनानुसार बदललेली नाहीत. वाचकांनी ते मोठ्याने वाचावेत. – संपा.