पेपर पुण्याचा, पोरं नाशिकची

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी पदवीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दर सत्र संपलं की आम्हा शिक्षकांकडे एक एक्सेल फाइल भरायला येते. डावीकडे विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक, वरच्या ओळीत सीओ १, सीओ २ असं करत पाच-सहा रकाने. सीओ म्हणजे कोर्स आउटकम. हा विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता यायला हवं, ते सांगणारं एकेक वाक्य. डेटाबेसच्या विषयात एक वाक्य मूळ संकल्पना सांगता येण्याबद्दल असतं, एक दिलेल्या व्यवहारावरून टेबलं आखण्याबद्दल, एक क्वेरी लिहून हवी ती माहिती बाहेर काढण्याबद्दल. प्रत्येक वाक्यासमोर वर्गाने ते किती गाठलं याचा आकडा टाकायचा.

आता गंमत बघा. महाविद्यालयातल्या चाचण्यांचे गुण आम्हाला प्रश्नवार माहीत असतात, कारण पेपर आम्हीच काढतो आणि आम्हीच तपासतो. पण मोठा वाटा विद्यापीठाचा असतो. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या ५० गुणांच्या विषयाला ३५ गुण विद्यापीठाच्या परीक्षेचे आणि १५ महाविद्यालयाचे. त्या ३५ गुणांची आमच्याकडे येते ती फक्त बेरीज. अमक्याला २२. हे २२ टेबलं आखण्यात मिळाले की व्याख्या लिहिण्यात, ते कळत नाही. मग सर्रास केलं जातं ते असं, की तोच आकडा सगळ्या सीओंच्या रकान्यांत टाकायचा. व्याख्या पाठ असणं आणि टेबल आखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून तर वाक्यं वेगळी केली होती. मोजताना मात्र सगळ्यांना एकच माप.

हा शिक्षकांचा आळस आहे असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. हा रकाना असा का भरावा लागतो, ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठं काढायला सांगितली तेव्हा नमुना म्हणून लंडन विद्यापीठ पुढे ठेवलं होतं. त्या काळचं लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. निरनिराळ्या कॉलेजांत शिकून आलेल्यांची ते परीक्षा घेई आणि पदवी देई. कमी खर्चात लांबवर पसरवता येणारी ही सोय सरकारला आवडली यात नवल नाही. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला तो याच धर्तीवर. शिकवणार एक, तपासणार दुसरा.

१८६२ साली या विद्यापीठातून पहिले चार बीए बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे जन्माने आमच्या जिल्ह्यातले, निफाडचे. मूठभर विद्यार्थी असताना ही व्यवस्था खपून गेली असणार. पण पुढे याच रानड्यांनी पदवीधर तरुण अकाली मरतात याकडे लक्ष वेधलं आणि परीक्षांच्या ताणाकडे बोट दाखवलं. विद्यापीठाच्या पहिल्या फळीतल्या माणसाला हे म्हणावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नाशिकला १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, आजचं एचपीटी. परीक्षा मुंबईची. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि नाशिक जिल्हा त्याच्याकडे गेला. पेपर मुंबईहून येत असे तो पुण्याहून यायला लागला, फरक एवढाच. त्याच सुमारास स्वतंत्र भारताचा पहिला विद्यापीठ आयोग, राधाकृष्णन आयोग, आपला अहवाल लिहीत होता. विद्यापीठांत एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. तेव्हापासून पंचाहत्तर वर्षं प्रत्येक आयोग हेच आपल्या शब्दांत म्हणत आला आहे.

आजच्या सीओंमध्ये जी क्रियापदं दिसतात, आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, त्यांची वंशावळ मात्र पुण्यामुंबईची नाही. ती बेंजामिन ब्लूम या अमेरिकन प्राध्यापकाकडे जाते. १९४८ मध्ये बॉस्टनला एका परिषदेत काही विद्यापीठ परीक्षक जमले. प्रत्येकाला दर वर्षी नवे प्रश्न काढावे लागत. एकमेकांचे प्रश्न वापरायचे तर कोणता प्रश्न नेमकं काय तपासतो याची सामाईक भाषा हवी होती. त्यातून १९५६ साली ब्लूमच्या संपादनाखाली शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचं पुस्तक आलं. म्हणजे मुळात ही पेपर काढणाऱ्यांची आपसातली सोय होती. पुढच्याच वर्षी ब्लूम भारतात आले, परीक्षा कशा सुधाराव्यात यावर शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. पण ते काम माध्यमिक शाळांपुरतं होतं. कॉलेजांपर्यंत ब्लूम पोचायला आणखी अर्धं शतक लागलं.

मधल्या काळात नाशिकमध्येच एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती आपण नाशिककरसुद्धा फारशी सांगत नाही. १ जुलै १९८९ ला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. गंगापूर धरणाकडे जाताना लागतं ते. पहिले कुलगुरू राम ताकवले. मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. त्यांच्यापुढची अडचण इतर कुलगुरूंपेक्षा वेगळी होती. त्यांच्या विद्यार्थ्यासमोर रोज उभा राहणारा शिक्षकच नव्हता. विद्यार्थी म्हणजे शाळा सुटलेली गृहिणी, शेतात राबणारा तरुण, कारखान्यात पाळी करणारा कामगार. शिक्षकाचं काम पुस्तकालाच करायचं होतं.

मुक्त विद्यापीठाचं जुनं पाठ्यपुस्तक कधी हातात आलं तर उघडून बघा. घटकाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टं दिलेली असतात, हा भाग वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला काय काय करता येईल याची. मध्ये मध्ये थांबून सोडवायचे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं पुढे दिलेली असतात, आपलं आपण ताडून बघायला. यामागे रॉबर्ट मेगर यांचं १९६२ चं उद्दिष्टं कशी लिहावीत यावरचं छोटं पुस्तक आहे, ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा अनुभव आहे. पण ते मराठीत आणताना एक गोष्ट घडली. उद्दिष्ट हे विद्यार्थ्याशी बोलायला लागलं. सटाण्यातल्या एखाद्या बाईला रात्री भांडी आवरल्यावर पुस्तक उघडून, मला हे आलं का, असं स्वतःला विचारता येत होतं. तपासणारी तीच, आणि लगेच.

उगाच गोडवे गाण्याची गरज नाही. शेवटी पदवी मिळत होती ती तीन तासांच्या नेहमीच्या लेखी परीक्षेवरच, आणि आधी ठरवलेले प्रश्न गाइडातून पाठ करणारे तिथेही होते. तरी ते उद्दिष्टाचं वाक्य कुणाला उद्देशून लिहिलं होतं, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी, १९८९ मध्येच, जगाच्या दुसऱ्या टोकाला सहा देशांच्या अभियांत्रिकी संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. एका देशाची इंजिनिअरिंगची पदवी दुसऱ्याने मान्य करायची, तर तिथल्या पदवीधराला काय येतं हे लेखी दाखवता आलं पाहिजे, असा त्याचा रोख होत गेला. भारत जून २०१४ मध्ये या कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यासाठी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना विषयागणिक आउटकम आणि ते गाठल्याचे हिशेब ठेवणं भाग पडलं. २०१७ मध्ये नॅकने आपली मूल्यांकनाची पद्धत बदलली. आउटकम ठरवा, वेबसाइटवर लावा, किती गाठलं ते दाखवा, हे आता कला-वाणिज्य-विज्ञानाच्या साध्या महाविद्यालयांनाही विचारलं जाऊ लागलं. इंजिनिअरिंगची एक्सेल फाइल अशी बीएस्सी आणि बीबीएच्या स्टाफरूममध्ये शिरली.

वाक्य तेच राहिलं, ऐकणारा बदलला. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकातलं उद्दिष्ट विद्यार्थ्यासाठी होतं. आमच्या फाइलमधलं समितीसाठी आहे. तुम्ही बीसीए, बीबीए-सीए किंवा बीसीएस करत असाल तर तुमच्या विषयाचे सीओ अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये छापलेले आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी ते वाचलेत? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं एकमेकांकडे बघतात.

आता या पदव्यांविषयी थोडं. परदेशात इन्फर्मेशन सिस्टिम्स नावाची वेगळी पदवी असते. धंदा कसा चालतो आणि संगणक कसा चालतो, या दोहोंच्या मधली जागा. आपल्याकडे तिच्या सगळ्यात जवळ जातो तो वाणिज्य शाखेतला बीसीए, जो नंतर पुणे विद्यापीठात बीबीए-सीए झाला. अकाउंट्सही आहे, जावाही आहे. या विद्यार्थ्याला खरं काय यायला हवं? माणसांचा एखादा व्यवहार नीट बघून त्याची टेबलं करता यायला हवीत. हे लेखी परीक्षेत तपासणं अवघड जातं, कारण पेपरात व्यवहार आधीच चार ओळींत सोपा करून दिलेला असतो.

निफाड तालुक्यातल्याच लासलगावचं उदाहरण घेते. माझ्या एका विद्यार्थ्याने कांदा मार्केटचा प्रोजेक्ट निवडला. पहिल्या आराखड्यात शेतकरी, व्यापारी, वजन आणि भाव असे रकाने होते. मी विचारलं, भाव कधीचा? तो म्हणाला, लिलावाचा. घरी कांदा पिकवणाऱ्या मामाबरोबर मग तो मार्केटला गेला. ट्रॉली उभी असताना बोली होते, क्विंटलला भाव ठरतो, मग वजनकाटा, मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो. वरचा कांदा एक आणि खालचा दुसरा निघाला तर व्यापारी वांधा काढतो, आणि भाव पुन्हा बोलला जातो. शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे कधी कधी या दुसऱ्या भावाचे असतात. दुसऱ्या आराखड्यात दोन भाव होते, लिलावाचा आणि चुकता केलेला, आणि वांध्याचं एक वेगळं टेबल होतं : कुणी काढला, कारण काय, किती रुपये उतरले. एकच भाव ठेवला असता तर शेतकऱ्याचं नुकसान कॉम्प्युटरमध्ये दिसलंच नसतं. टेबलं आखता येणं म्हणजे हे. विद्यापीठाच्या पेपरात मात्र त्याच मुलाने नॉर्मलायझेशनच्या प्रश्नाला गाइडातलं स्टुडंट-कोर्सचं उदाहरण लिहिलं असणार. वेळ कमी असतो आणि तेच चालतं.

गुण देण्याची आपली व्यवस्था हीसुद्धा एक माहिती प्रणालीच आहे, आणि ती त्याच्या पहिल्या आराखड्यासारखी आहे. मी कॅप सेंटरवर पेपर तपासायला जाते, तेव्हा उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्नवार गुणांचा तक्ता भरते, मग बेरीज करते. म्हणजे जी माहिती महाविद्यालयांना हवी आहे ती तयार होते, लिहिली जाते, आणि मग फक्त बेरीज पुढे जाते. तो तक्ता गठ्ठ्यात बांधला जातो. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये स्क्रीनवर तपासणी सुरू केली तेव्हा निकाल महिनोनमहिने रखडले आणि सगळी चर्चा त्या गोंधळाचीच झाली. ती रास्तच होती. पण स्क्रीनवर तपासलं की प्रश्नवार गुण आपोआप साठवता येतात, त्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्यात हरवला.

२०२४-२५ पासून बीबीए-बीसीए एआयसीटीईच्या अखत्यारीत गेले. प्रवेशासाठी सीईटी आली, एआयसीटीईचा आदर्श अभ्यासक्रम आला, त्यात आउटकम आहेतच. आत येतानाची परीक्षा बदलली. बाहेर पडतानाची बहुतेक ठिकाणी आहे तशीच आहे. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रश्नवार गुण द्यावेत, एवढी एक गोष्ट झाली तरी सीओंचे ते रकाने वेगवेगळे भरता येतील. त्यासाठी नवा आयोग नको, उत्तरपत्रिकेचं पहिलं पान पुरेल.

माझ्या हातात १५ गुण आहेत. सत्राच्या पहिल्या तासाला मी विषयाचे सगळे सीओ मराठीत फळ्यावर लिहिते, तुम्हाला हे करता येईल, अशा वाक्यांत, आणि चाचणीच्या प्रत्येक प्रश्नापुढे तो कुठल्या वाक्याचा आहे ते छापते. गेल्या सत्रात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, मग हे आम्हाला आलं की नाही ते शेवटीच कळणार का?" तेव्हापासून चाचणी झाली की आठवड्याच्या आत प्रश्नवार गुण वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. बैठक क्रमांकाने, नावाने नाही.